आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी आणि फार्मासिस्टची जबाबदारी

डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरल्याबरोबर मोठ्याने मागणी करतो. परंतु काही गिऱ्हाइके अशी असतात की ती काउंटरच्या कडेला उभी राहून उगाच टूथपेस्ट, बाम, पावडरचे डबे न्याहाळत राहतात. दुकानातील इतर मंडळी निघून जाण्याची वाट पाहतात आणि मग पुटपुटल्यासारखे म्हणतात, "भाऊ, ते बहात्तर तासवाली गोळी हाय का?" दुकानदारही मान वर न करता पाकीट कागदात गुंडाळतो, पैसे घेतो आणि सुटे परत करतो. अर्ध्या मिनिटात व्यवहार संपतो. दोघांनाही सुटल्यासारखे वाटते.

गेली वीस-बावीस वर्षे मी उत्तर नागपुरात औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. हा अर्ध्या मिनिटाचा मुका व्यवहार मीही पुष्कळ वेळा केला आहे. तो चुकीचा आहे, हे मला उशिरा उमगले. ही गोळी घ्यायला आलेल्या व्यक्तीला त्या दिवशी कोणी डॉक्टर भेटणार नसतो, परिचारिका भेटणार नसते, घरात तर हा विषय काढण्याचीच सोय नसते. जाणकार म्हणून तिच्यासमोर असतो तो फक्त फार्मासिस्ट. तोही गप्प राहिला तर त्या बाईच्या वाट्याला पाकीट येते, माहिती येत नाही. म्हणून या गोळीविषयी समाजबांधवांना, भगिनींना आणि विशेषतः फार्मसीच्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी सांगाव्यात, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

ही गोळी काय करते?

आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक असते. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांतही ते वापरले जाते, पण थोड्या प्रमाणात. या गोळीत ते १.५ मिलिग्रॅम असते. पूर्वी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घ्याव्या लागत. आता बहुधा एकच गोळी एकदाच घ्यायची असते.

निरोध फाटला, रोजच्या गोळ्या घ्यायच्या राहून गेल्या, कोणतेही साधन वापरले गेले नाही किंवा स्त्रीवर जबरदस्ती झाली, अशा प्रसंगानंतर गर्भ राहू नये म्हणून ही गोळी आहे. तिचे काम समजण्यासाठी शरीरातला एक हिशेब लक्षात घ्यावा लागेल. स्त्रीच्या बीजकोशातून महिन्यातून एकदा बीज बाहेर पडते आणि ते फार तर एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे संबंध आज आला आणि बीज तीन दिवसांनी बाहेर पडले, तरी गर्भ राहू शकतो. ही गोळी बीज बाहेर पडण्याची क्रिया लांबवते किंवा थांबवते. तोवर वाट पाहणारे शुक्रजंतू नष्ट होतात.

एवढे समजले की गोळी लवकर का घ्यायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. बीज बाहेर पडण्याआधी गोळी पोटात गेली पाहिजे. बीज एकदा बाहेर पडले की या गोळीचा फारसा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतील स्त्रियांवर केलेला एक मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, पहिल्या २४ तासांत गोळी घेतल्यास अपेक्षित गर्भधारणांपैकी सुमारे ९५ टक्के टळल्या. २५ ते ४८ तासांत घेतल्यास ८५ टक्के आणि ४९ ते ७२ तासांत घेतल्यास ५८ टक्केच टळल्या. म्हणजे ७२ तास ही शेवटची मुदत आहे, सवलत नव्हे. वीजबिल शेवटच्या तारखेला भरले तरी चालते, पण गोळीच्या बाबतीत तसे चालत नाही. दर तासाला तिचा गुण कमी होत जातो.

या ७२ आकड्याने आणखी एक घोटाळा करून ठेवला आहे. तो आकडा पाकिटावर पाहून पुष्कळांची समजूत होते की, एकदा गोळी घेतली म्हणजे पुढचे ७२ तास काळजी नाही. ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे. ही गोळी झालेल्या प्रसंगासाठी असते, पुढे होणाऱ्या प्रसंगासाठी नव्हे. उलट गोळीमुळे बीज बाहेर पडणे लांबलेले असते, म्हणून त्यानंतरच्या दिवसांत निष्काळजीपणा झाला तर गर्भ राहण्याचा धोका अधिकच असतो. माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दुरुस्त करावी लागणारी चूक ही आहे.

ही गोळी गर्भपाताची नव्हे

दुकानात येणारी माणसे दोन वेगवेगळ्या औषधांना एकाच नावाने हाक मारतात. "पाळी येण्याची गोळी द्या," असे म्हटले की त्यांना नेमके काय हवे आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कुणाला तातडीची गर्भनिरोधक गोळी हवी असते. कुणाची पाळी दहा दिवस चुकलेली असते आणि त्यांना गर्भपाताची गोळी हवी असते.

हा भेद प्रत्येकाने नीट ध्यानात ठेवावा. आपत्कालीन गोळी गर्भ राहू नये म्हणून असते. गर्भ राहिलेला असेल तर ती तो पाडू शकत नाही, आणि त्या गर्भाला तिच्यामुळे इजाही होत नाही. गर्भपाताची औषधे, म्हणजे मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल, पूर्णपणे वेगळी आहेत. ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालीच घ्यायची असतात. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल आणि बाईने घरच्या घरी ही औषधे घेतली, तर तिच्या जिवावर बेतू शकते. अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव न थांबण्याचाही धोका असतो. म्हणून ही औषधे चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार गिऱ्हाइकावर उपकार करत नसतो, तर त्याला संकटात लोटत असतो.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की, आपल्या देशात गर्भपात हा चोरीचा मामला नाही. महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि काही विशिष्ट परिस्थितींतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याच्या सहीची कायद्याला गरज नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. ज्या बाईची पाळी चुकली आहे, तिला "आमच्याकडे नाही" म्हणून हाकलून देण्याऐवजी एवढी माहिती देऊन डागा स्त्री रुग्णालय, मेडिकल किंवा मेयोचा रस्ता दाखवणे, हे फार्मासिस्टचे काम होय.

चिठ्ठी गेली, जबाबदारी आली

भारतात ही गोळी २००१ च्या सुमारास आली आणि शासनाच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमातही तिचा समावेश झाला. सुरुवातीला तिला डॉक्टरची चिठ्ठी लागत असे. २००५ साली ती अट काढण्यात आली. फ्रान्समध्ये १९९९ साली आणि इंग्लंडमध्ये २००१ साली अशीच मोकळीक मिळाली होती. त्यामागचा विचार सरळ होता. ज्या औषधाचा गुण तासागणिक कमी होतो, त्यासाठी बाईने आधी डॉक्टर शोधावा, रांग लावावी आणि सोमवार उजाडण्याची वाट पाहावी, हे व्यवहाराला धरून नाही. शिवाय गोळी सुरक्षित आहे. पुढे २००७ पासून टीव्हीवर तिच्या जाहिराती झळकू लागल्या आणि गोळी घराघरांत माहीत झाली.

परंतु चिठ्ठीची अट गेली, तेव्हा चिठ्ठीबरोबर डॉक्टर जी दोन वाक्ये बोलत असे, तीही गेली. ती वाक्ये आता कोणी बोलायची? कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हा त्याच्या कामाचा भाग असल्याचे नमूद केले. प्रत्यक्षात काय दिसते? भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि काउंटरवर दुसराच पोरगा उभा असतो. त्याला कंपनीचे नाव आणि किंमत ठाऊक असते, याहून अधिक काही नाही. हे आपल्याच व्यवसायातील वैगुण्य आहे आणि ते आपणच मान्य केले पाहिजे.

माझी एक चूक

उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी वस्तीतील एक ओळखीचा तरुण ही गोळी घेऊन गेला. मी नेहमीप्रमाणे कागदात गुंडाळून दिली. काही विचारले नाही, काही सांगितले नाही. दीड महिन्याने तो बायकोला घेऊन आला. तिला दिवस गेले होते. बोलता बोलता समजले की तिचा क्षयरोगाचा उपचार सुरू होता आणि ती रोज रिफाम्पिसिन घेत होती.

रिफाम्पिसिनमुळे यकृत अनेक औषधांचा निचरा फार वेगाने करू लागते. लेव्होनॉरजेस्ट्रेल त्यांतलेच एक. त्यामुळे गोळी घेऊनही रक्तात तिचे प्रमाण पुरेसे राहत नाही. मिरगीच्या फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या औषधांनी आणि एचआयव्हीच्या उपचारातील इफाव्हिरेन्झनेही असेच होते. ही औषधे बंद केल्यावरही सुमारे चार आठवडे त्यांचा परिणाम राहतो. अशा स्त्रीसाठी तांबी हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. ते शक्य नसेल तर डॉक्टरला विचारून गोळीची दुप्पट मात्रा घेतली जाते.

त्या बाईच्या बाबतीत गोळी याच कारणाने अपयशी ठरली, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ही गोळी एरवीही शंभर टक्के लागू पडत नाही. परंतु हे सारे मी कॉलेजात शिकलो होतो. "दुसरे कोणते औषध सुरू आहे का?" हा एक प्रश्न विचारायला मला दहा सेकंद लागली असती. ती मी वाचवली आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली. घरात आधीच एक तान्हे मूल, त्यात बाईचा आजार. त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय ही गोळी दिलेली नाही.

काय विचारावे?

विचारपूस म्हणजे उलटतपासणी नव्हे. नाव, गाव, लग्न झाले की नाही, कोणाबरोबर आणि का, यांतला एकही प्रश्न औषधाच्या दृष्टीने उपयोगाचा नाही. म्हणून तो विचारू नये. खालील प्रश्न मात्र जरूर विचारावेत. त्यांसाठी तीन मिनिटे पुरतात.

१. किती तास झाले? ७२ तासांच्या आत असल्यास गोळी द्यावी आणि दुकानातच पाणी देऊन घ्यायला सांगितले तर उत्तम. तीन ते पाच दिवस झाले असल्यास गोळीचा भरवसा कमी असतो. त्या वेळी तांबी बसवून घेण्यास सांगावे. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी शंभरातील नव्याण्णवहून अधिक स्त्रियांचा बचाव करते आणि पुढे अनेक वर्षे उपयोगी पडते. सरकारी रुग्णालयात ती मोफत बसवली जाते.

२. शेवटची पाळी केव्हा आली होती? पाळीची तारीख उलटून गेली असेल तर आधी लघवीची तपासणी करून घ्यावी.

३. दुसरे कोणते औषध सुरू आहे? क्षयरोग, मिरगी आणि एचआयव्ही यांचे नाव घेऊन विचारावे, कारण नुसते "काही औषध चालू आहे का" म्हटले की लोक "नाही" म्हणून मोकळे होतात.

४. या महिन्यात ही गोळी आधी घेतली होती का? घेतली असेल तरी पुन्हा घेण्याने अपाय होत नाही. पण हा प्रश्न पुढच्या बोलण्याचे दार उघडतो.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही, ती म्हणजे सिकलसेल. आपल्या समाजात हा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. सिकलसेल असलेल्या स्त्रीला ही गोळी वर्ज्य नाही. मात्र तिच्यासाठी गरोदरपण अधिक जोखमीचे असते. म्हणून तिने नकळत दिवस जाण्याची वेळ येऊ देऊ नये आणि नियमित साधन कोणते वापरावे, हे डॉक्टरला विचारून ठरवावे.

काय सांगावे?

गोळी घेतल्यावर मळमळ, डोके दुखणे किंवा थकवा जाणवू शकतो. तो एक-दोन दिवसांत जातो. गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक गोळी घ्यावी लागते. पुढची पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येऊ शकते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु ठरलेल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशीर झाला तर तपासणी केलीच पाहिजे. ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखू लागले किंवा चक्कर आली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. अंगावर पाजणाऱ्या आईनेही ही गोळी घेण्यास हरकत नाही, दूध तोडण्याची गरज नाही.

या गोळीने वांझपण येते, अशी भीती पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. तिला आधार नाही. गोळीचा परिणाम थोड्या दिवसांत ओसरतो आणि पुढे मूल होण्यास तिची आडकाठी होत नाही. त्याच वेळी हेही सांगावे की, ती एचआयव्ही किंवा गुप्तरोगांपासून वाचवत नाही. ते काम फक्त निरोध करतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही गोळी रोजची सवय होऊ देऊ नये. ती विषारी आहे म्हणून नव्हे, तर नियमित साधनांपेक्षा ती कमी भरवशाची आहे म्हणून. महिन्यातून दोन-तीनदा ती घेणाऱ्या बाईची पाळी बिघडते, पैसे जातात आणि तरीही दिवस जाण्याची टांगती तलवार राहतेच. शासनाच्या केंद्रांत निरोध, माला-एन, आठवड्याने घ्यायची छाया गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि तांबी मोफत मिळते. नियमित गोळ्या तर दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करता येतात. पहिले सात दिवस तेवढा निरोध वापरावा लागतो. आपत्कालीन गोळी घ्यायला आलेली व्यक्ती या माहितीसाठी त्या क्षणी जितकी तयार असते, तितकी एरवी कधी नसते. ही संधी वाया घालवू नये.

आता एक अडचण. ही गोळी घ्यायला येणारे पुष्कळदा पुरुष असतात. गोळी घेणार ती बाई आणि ऐकणार तो पुरुष. तो घरी जाऊन किती सांगेल, याचा नेम नाही. मी यावर एक साधा तोडगा काढला आहे. पोस्टकार्डाच्या आकाराच्या कागदावर सोप्या मराठीत सहा ओळी लिहून त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. गोळी ताबडतोब घ्यावी, उलटी झाल्यास काय करावे, पाळीला उशीर झाल्यास काय करावे, यानंतरच्या संबंधांना ही गोळी चालत नाही, दुखल्यास दवाखाना गाठावा आणि शंका असल्यास दुकानात विचारावे. पाकिटाबरोबर तो कागदही गुंडाळून देतो. दोन-तीन भगिनी तो कागद हातात घेऊन पुढे स्वतः विचारायला आल्या. त्यांतल्या एकीने पहिल्यांदाच तांबीविषयी विचारले. माझ्या दृष्टीने तो कागद वसूल झाला.

अवघड प्रसंग

कधी समोरची बाई गप्प असते, तिचे हात थरथरत असतात, तिच्याबरोबर आलेली व्यक्तीच सारे बोलत असते. अशा वेळी "ताई, तुम्हाला कोणी त्रास दिला का?" एवढे एकांतात विचारण्याचे धैर्य फार्मासिस्टने दाखवावे. अत्याचार झालेल्या स्त्रीला कोणत्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार व उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपत्कालीन गर्भनिरोधन हा त्या उपचाराचाच भाग आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक दुकानात दिसतील असे लावून ठेवावेत.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. फार्मासिस्टही त्याला अपवाद नाही. मात्र कायद्याच्या भीतीने तिला दुकानातून हुसकावून लावणे हा त्यावर उपाय नव्हे. तिला रागावू नये, तिच्याशी नीट बोलावे आणि वेळ न दवडता रुग्णालयात पाठवावे, कारण तिचेही तास मोजले जात असतात.

हा विषय आपल्याला परका नाही

काही बांधव म्हणतील, आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत असला विषय कशाला? त्यांना इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली आणि अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र घेऊन न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सरकारने जनतेत संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याची साधने उपलब्ध करून द्यावीत, अशी त्यात मागणी होती. त्यावरचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. तो मांडणारे मूठभर होते, पण काळाच्या पुढे होते. देशाचा कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, म्हणजे चौदा वर्षांनी.

आणि आपले नागपूर? जुलै १९४२ मध्ये याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. हजारो स्त्रिया दूरदूरच्या खेड्यांतून आल्या होत्या. त्यांच्यासमोर बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, मुले फार होऊ देऊ नका, प्रत्येक मुलाला आपल्याहून चांगली सुरुवात करून देणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, अशा आशयाचा उपदेश केला. हे सारे उघड्या मांडवात, लेकीबाळींच्या देखत बोलले गेले. ज्या शहरात १९४२ साली हा विषय हजारोंच्या सभेत न लाजता बोलला गेला, त्याच शहरातील औषधाच्या दुकानात तो आज कागदात गुंडाळावा लागतो, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

शेवटी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण डी.फार्म., बी.फार्म. करून उद्या काउंटरवर उभे राहाल. बरेच जण आपल्या घरातील पहिले पदवीधर असाल. ज्या वस्तीत तुम्ही दुकान टाकाल, तिथल्या बायका तुम्हाला डॉक्टरच्या बरोबरीने मानतील. औषधाची पेटी दवाबाजारातून कोणालाही आणता येते. तिच्याबरोबर दोन शब्द देता येतात ते फक्त शिकलेल्या माणसाला. तुमच्या शिक्षणाचा उपयोग तिथे होतो.

भगिनींनाही विनंती आहे. दुकानात संकोच करू नका. फार्मासिस्ट कोण आहे, असे विचारा. तो समोर नसेल तर बोलवा. शंका विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि उत्तर देणे हे त्याचे काम. आणि दुकानात स्त्री फार्मासिस्ट असेल तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात, म्हणून आपल्या मुलींना या शिक्षणाकडे अवश्य पाठवा.

कागदात गुंडाळलेले पाकीट पुढे सरकवायला अर्धे मिनिट लागते. चार प्रश्न विचारायला आणि सहा गोष्टी सांगायला तीन मिनिटे. मधल्या अडीच मिनिटांत एखाद्या बाईचे पुढचे वर्ष ठरते. तेवढा वेळ प्रत्येक फार्मासिस्टने द्यावा, एवढीच अपेक्षा.